भिंतीपलीकडचा आवाज आणि दहा दिवसांतला होकार

'लव्ह इज ब्लाइंड' हा एकमेकांना न पाहता लग्न जुळवण्याचा नेटफ्लिक्सवरचा रिअॅलिटी शो पाहणाऱ्यांना तो सोनेरी पेला आठवत असेलच. आत वाइन असो की पाणी, सकाळ असो की मध्यरात्र, ज्याच्या त्याच्या हातात तोच धातूचा पेला. काचेचा ग्लास असता तर एका शॉटमध्ये अर्धा आणि पुढच्याच शॉटमध्ये काठोकाठ भरलेला दिसला असता, आणि हे दोन शॉट सलग नाहीत हे प्रेक्षकाने लगेच ओळखलं असतं. धातूच्या पेल्यात किती उरलंय ते कॅमेऱ्याला दिसतच नाही. एडिटरला मग सोमवारच्या वाक्याला मंगळवारचं हसू खुशाल जोडता येतं.

असल्या गोष्टी कळल्या की आपण सरसकट निकाल देऊन टाकतो: "स्क्रिप्टेड असतं रे सगळं." हे अर्धंच खरं आहे. गोष्ट एडिटिंगच्या टेबलावर रचली जाते, यात शंका नाही. पण स्पर्धकांच्या पोटात जे कालवतं ते बहुतेक वेळा खरंच असतं. त्यांना संवाद लिहून द्यायची गरजच पडत नाही, कारण घरच असं बांधलेलं असतं की त्यात राहणाऱ्याला कोणाची तरी ओढ लागावी. ते घर कसं बांधतात, ते पाहू.

पहिल्या सीझनचा हिशेब घ्या. शूटिंग २०१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अटलांटामध्ये झालं आणि नेटफ्लिक्सवर तो आला १३ फेब्रुवारी २०२० ला. १५ पुरुष, १५ बायका. मधल्या भिंतीतून आवाज ऐकू येतो पण माणूस दिसत नाही अशा छोट्या खोल्या. त्यांना 'पॉड' म्हणतात. दहा दिवसांत आठ जोड्यांचं जमलं. त्यातल्या सहा जोड्यांनाच कॅमेऱ्यासह मेक्सिकोला नेलं, पाच बोहल्यापर्यंत पोहोचल्या आणि दोन जोड्यांनी तिथे 'हो' म्हटलं. पहिल्या गप्पांपासून लग्नापर्यंत सगळे मिळून ३८ दिवस.

लोक शेवटच्या आकड्यावर चर्चा करतात: दोनच लग्नं! विचार करण्यासारखा आकडा खरं तर आधीचा आहे. ३० पैकी १६ माणसं, म्हणजे निम्म्याहून जास्त, कधी न पाहिलेल्या माणसाशी दहा दिवसांत लग्न करायला तयार झाली. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात निदान चेहरा तरी दिसतो, घरदार कळतं, आणि होकार कळवायला चार दिवस मागून घेता येतात.

पॉडमध्ये नेमकं काय होतं

आत जायच्या आधी फोन काढून घेतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाची पलीकडच्या प्रत्येकाशी छोटी गाठ. एकेक गाठ दहा मिनिटांची धरली तरी पंधरा जणांचे अडीच तास होतात. पंधरा नवे आवाज, पंधरा नावं, कोणाला दोन बहिणी आणि कोणाचं कुत्रं वारलंय ते कोण लक्षात ठेवणार? म्हणून प्रत्येकाच्या मांडीवर वही. दिवस संपला की स्पर्धक आपल्या पसंतीचा क्रम देतात, त्यावरून पुढच्या दिवसाच्या जोड्या ठरतात, नावडती माणसं गळतात आणि आवडत्यांबरोबरचा वेळ वाढत जातो.

आता बाहेरच्या जगाशी ताडून पाहा. दर शनिवारी संध्याकाळी तीन तास भेटणाऱ्या जोडीला ३० तास बोलायला दहा आठवडे लागतात. पॉडमध्ये रोज तीन तास बोललं की तेवढेच तास दहा दिवसांत होतात. आणि मधल्या वेळात दुसरं काहीच नसतं. ऑफिसचा मेल नाही, आईचा फोन नाही, मॅचचा स्कोअर नाही. लाउंजमध्ये परत यावं तर तिथले सोबतीही तोच विषय चघळत बसलेले. मनाला चरायला एकच कुरण ठेवलं की ते तिथेच चरणार.

त्यात बोलणं कसलं, तर हवापाण्याचं नव्हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. दोन अनोळखी माणसांना ३६ प्रश्न द्यायचे, तीन गटांत, हळूहळू खोल जाणारे. दोघांनी आलटून पालटून उत्तरं द्यायची. एकूण वेळ सुमारे ४५ मिनिटं. साध्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल बरीच जास्त जवळीक वाटली. यातली कळ प्रश्नांत कमी आणि पायऱ्यांत जास्त आहे. मी थोडं उघडं करतो, मग तू तेवढंच, मग मी अजून थोडं. एकाने पहिल्याच मिनिटाला सगळी दुःखं ओतली तर समोरचा आक्रसतो. एकानेच बोलत राहायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं असं झालं तरी गाडी अडते. पॉडमधल्या टिकणाऱ्या जोड्यांचं बोलणं ऐका, हीच शिडी दिसेल: नोकरी, मग घटस्फोटित आईवडील, मग कर्ज, मग मुलं हवीत का.

ॲरन यांच्या शोधनिबंधातच एक सावधगिरीची सूचना आहे. अशी निर्माण झालेली जवळीक खरी असते, पण तिच्यातून निष्ठा किंवा बांधिलकी आपोआप येत नाही, कारण त्यांना वेळ लागतो. कार्यक्रम नेमकी हीच ओळ ओलांडतो: जवळीक वाटली ना, मग अंगठी काढा.

आणि भिंत कशाला? १९७३ मध्ये केनेथ गर्गन, मेरी गर्गन आणि विल्यम बार्टन यांनी अनोळखी तरुण-तरुणींना गटागटाने एका मिट्ट काळोख्या खोलीत तासभर बसवलं. आत काय करायचं ते सांगितलं नव्हतं. एवढंच कबूल केलं होतं की बाहेर पडताना सगळ्यांना एकेकटं सोडू, कोणाची कोणाशी गाठ पडणार नाही. उजेडातल्या गटाने तासभर बसून शिष्टाचाराच्या गप्पा मारल्या. काळोखातल्या गटात बोलणं हळूहळू थांबलं, बहुतेकांनी कोणाला तरी जाणूनबुजून स्पर्श केला आणि जवळपास निम्म्यांनी कोणाला तरी मिठी मारली. पण ज्या गटाला 'नंतर तुमची ओळख करून देऊ' असं सांगितलं, तो गट पुन्हा आखडला. म्हणजे माणसाला मोकळं करणारी गोष्ट दोन थरांची आहे: कोणी बघत नाही, आणि याचा पुढे जाब द्यावा लागणार नाही. पॉडमध्ये पहिला थर आहे, दुसरा नाही. म्हणून तिथे रडू येतं, कबुल्या दिल्या जातात, आणि मग दार उघडण्याच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो.

भिंतीचं दुसरं काम जास्त चलाख आहे. न दिसणाऱ्या माणसाचा उरलेला भाग आपण आपल्या मनाने भरतो, आणि भरताना कंजुषी करत नाही. दमदार आवाज आला की खांदे रुंद करतो, खळखळून हसली की डोळे टपोरे करतो. संवादशास्त्रज्ञ जोसेफ वॉल्थर यांनी १९९६ मध्ये, इंटरनेटवरच्या गप्पांचा विचार करताना, हे चक्र मांडलं होतं. बोलणारा निवडून चांगलंच दाखवतो, ऐकणारा त्याहून चांगलं कल्पितो, मग तसंच कौतुक करतो, आणि बोलणारा त्या कौतुकाला जागायला आणखी तसाच वागतो. नॉर्टन, फ्रॉस्ट आणि ॲरिअली यांना २००७ मध्ये असं दिसलं की एखाद्याबद्दल जितकं जास्त कळतं तितका तो सरासरीने कमी आवडतो. उलट २०११ मध्ये हॅरी राइस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रत्यक्ष गप्पा मारत गेलं की आवड वाढते. दोन्ही निष्कर्ष एकमेकांच्या विरोधात वाटतात, पण पॉडची गंमत अशी की त्याला दोन्हींचा फायदा मिळतो: गप्पा प्रत्यक्ष, तासन्‌तास, आणि तरी अर्धा माणूस कोराच. तो अर्धा भाग ज्याचा त्याने रंगवायचा.

भीती, धावपळ आणि हेलिकॉप्टर

'द बॅचलर' हा एबीसी वाहिनीवरचा कार्यक्रम २५ मार्च २००२ ला सुरू झाला. त्यात एका पुरुषामागे पहिल्या सीझनला २५ बायका होत्या. तिथे भिंत नाही, म्हणून दुसरी अवजारं वापरतात. डेटवर जायचं तर कॉफी प्यायला नाही, तर उंच इमारतीवरून दोर लावून उतरायला, बंजी जंपिंगला, हेलिकॉप्टरने कड्यावर.

कारण १९७४ चा एक प्रसिद्ध प्रयोग. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन (हेच ते ३६ प्रश्नवाले) यांनी कॅनडात व्हँकूव्हरजवळच्या कॅपिलानो झुलत्या पुलावर एक तरुणी उभी केली. पूल सुमारे १३७ मीटर लांब, दरीपासून ७० मीटर उंच, पावलागणिक हलणारा. पूल ओलांडणाऱ्या एकट्या पुरुषांकडून ती एक छोटी प्रश्नावली भरून घ्यायची आणि 'आणखी माहिती हवी असेल तर' म्हणून फोन नंबर द्यायची. नंबर घेणाऱ्या १८ पैकी नऊ जणांनी नंतर फोन केला. जवळच्याच बुटक्या, भक्कम लाकडी पुलावर १६ पैकी दोघांनी. छाती धडधडत होती पुलामुळे. मनाने बिल फाडलं मुलीच्या नावावर.

आकडे लहान आहेत, आणि हा प्रयोग जितका सांगितला जातो तितका भक्कम नाही, हे मान्य करूनच तो सांगायला हवा. त्यापेक्षा उपयोगी प्रयोग ग्रेगरी व्हाइट आणि सहकाऱ्यांचा, १९८१ चा. काही पुरुषांना जागच्या जागी १५ सेकंद धावायला लावलं, काहींना १२० सेकंद, आणि मग एका तरुणीचा व्हिडिओ दाखवला. ती नीटनेटकी, आकर्षक दिसत असताना जास्त धावलेल्यांना ती जास्त आवडली. तिलाच मुद्दाम अनाकर्षक करून दाखवलं तेव्हा जास्त धावलेल्यांना ती कमी धावलेल्यांपेक्षाही कमी आवडली. धडधड आकर्षण तयार करत नाही. जे काही आधीच आहे त्याचा आवाज मोठा करते. म्हणून हेलिकॉप्टरआधी निवड महत्त्वाची. देखणी माणसं निवडायची, मग त्यांना घाबरवायचं. उलट क्रमाने केलं तर पैसे वाया.

झोप आणि दारू हेही याच खात्यात मोडतात. 'बॅचलर'मधला गुलाब देण्याचा पहिला समारंभ (गुलाब मिळाला तीच कार्यक्रमात राहते) रात्रभर चालून पहाटे संपतो, हे आता गुपित राहिलेलं नाही. 'लव्ह इज ब्लाइंड'च्या दुसऱ्या सीझनमधल्या एका स्पर्धकाने २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात दावा लावला. पुरेसं अन्नपाणी न देता दारू मात्र मुबलक दिली जात होती, असा आरोप त्यात होता. निर्मात्यांनी आरोप नाकारले आणि २०२४ मध्ये १४ लाख डॉलरची तडजोड झाली. खरंखोटं काहीही असो, उपाशीपोटी, अर्धवट झोपेत 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणणं भरल्यापोटी म्हणण्यापेक्षा सोपं जातं.

डब्यातली शेवटची दोन बिस्किटं

एका पुरुषामागे पंचवीस बायका धावतात तेव्हा घरी बसून आपण म्हणतो, काय पाहिलं त्याच्यात? उत्तर बरंचसं त्याच्यात नसतंच. १९७५ मध्ये स्टीफन वर्शेल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना डब्यातून बिस्किटं चाखायला दिली. काही डब्यांत दहा होती, काहींत दोन. बिस्किट तेच, पण दोनवाल्या डब्यातलं जास्त मोलाचं वाटलं. सगळ्यात जास्त कधी? आधी दहा असलेला डबा काढून दोनचा दिला आणि कारण सांगितलं की 'बाकीच्यांनी खाल्ली'. गुलाब समारंभ हाच डबा आहे, दर आठवड्याला रिकामा होत जाणारा, आणि तोही इतरांच्या डोळ्यांदेखत.

त्यात दुसऱ्यांची पसंती पाहून आपली पसंती बदलण्याची खोड भर घालते. स्काय प्लेस, पीटर टॉड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लोकांना खऱ्या स्पीड डेटिंगचे व्हिडिओ दाखवले. डेट यशस्वी झाली असं वाटलं की त्यातल्या व्यक्तीमधला पाहणाऱ्याचा रस वाढत होता. घरात मग एक विचित्र हिशेब सुरू होतो. एरवी जो माणूस दुसऱ्या भेटीनंतर टाळला असता, त्याच्याकडून गुलाब मिळाला नाही म्हणून रडू फुटतं. रडणं खरं असतं. ते त्याच्यासाठी आहे की हरण्यासाठी, हे त्या क्षणी रडणाऱ्यालाही सांगता येत नाही.

सगळ्यात कमी लक्ष जातं ते कॅमेऱ्यासमोर एकटीने बसून दिलेल्या मुलाखतीकडे. तिची पद्धत ठरलेली आहे: प्रश्नकर्त्याचा आवाज कापता यावा म्हणून स्पर्धकाने प्रश्न पोटात घेऊन पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. 'तू प्रेमात पडते आहेस का?' याला 'हो, कदाचित' चालत नाही. 'मी त्याच्या प्रेमात पडते आहे' असं म्हणावं लागतं. नीट आलं नाही तर पुन्हा. डॅरिल बेम यांनी १९७२ मध्ये मांडलं होतं की आतून मिळणारा संकेत अस्पष्ट असतो तेव्हा माणूस आपल्या वागण्याकडे बाहेरून पाहून आपली भावना ठरवतो. आठवडाभर रोज मोठ्याने, चार माणसांच्या आणि दोन कॅमेऱ्यांच्या देखत तेच वाक्य म्हटल्यावर 'मला काय वाटतं?' याचं उत्तर आयतं तयार असतं. शिवाय ते आता जाहीर झालेलं असतं. मागे फिरायचं तर सगळ्यांसमोर शब्द गिळावा लागतो.

'लव्ह आयलंड'ची ब्रिटिश आवृत्ती २०१५ पासून आयटीव्ही टू वर आहे आणि तिचा बंगला स्पेनच्या मायोर्का बेटावर असतो. तिथे युक्ती वेगळी: जोडी नसली तर घरी जावं लागतं. त्यामुळे एकटं राहण्यापेक्षा बऱ्यापैकी माणूस परवडतो. जवळ राहिल्याने जवळीक वाढते हे जुनं निरीक्षण आहे. १९५० मध्ये फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी एमआयटीच्या वसाहतीत पाहिलं की शेजारच्या दारातले ४१ टक्के लोक जवळच्या मित्रांत मोडतात, मजल्याच्या दुसऱ्या टोकाचे दहाच टक्के. पण १९७६ मध्ये एबेसन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीत दुसरा प्रश्न विचारला: तुम्हाला न आवडणारे लोक कुठे राहतात? तेही शेजारीच. चाळीत राहिलेल्या कोणाला यासाठी संशोधनाची गरज नाही. एका बंगल्यात सगळ्यांना कोंडलं की प्रेम आणि भांडण एकाच खर्चात निघतं.

दार उघडल्यावर

बिघाड कुठे होतो ते 'लव्ह इज ब्लाइंड'मध्ये टप्प्याटप्प्याने दिसतं. पहिला धक्का चेहऱ्याचा. मनाने रंगवलेलं चित्र आणि समोरचा माणूस यांची सांगड लागत नाही, आणि 'तो वाईट दिसतो' असं म्हणताही येत नाही, कारण दिसणं महत्त्वाचं नाही हेच म्हणायला तर इथे आलो. मग कारण दुसरीकडून शोधलं जातं. पहिल्या सीझनमध्ये ३४ वर्षांच्या एका स्पर्धक तरुणीला २४ वर्षांचा जोडीदार मिळाला होता. वय पॉडमध्येच माहीत होतं आणि तिथे ते चाललं. भेटीनंतर तेच वय रोज आडवं येऊ लागलं आणि बोहल्यावर नकार झाला. अर्थात, पॉडमध्ये तिचा जीव दुसऱ्याच एकावर जडला होता, हेही विसरून चालणार नाही.

दुसरा धक्का फोन हातात परत आल्याचा, आणि तो जास्त मोठा. मेक्सिकोच्या रिसॉर्टमधून अटलांटाच्या फ्लॅटमध्ये आल्यावर कुरण पुन्हा मोठं होतं: मैत्रिणी, पगार, भांडी कोण घासणार, सासरचे लोक. पॉडमध्ये रोज तीन तास एकाग्रतेने ऐकणारा माणूस आता स्क्रीनकडे बघत 'हं' म्हणतो. तो बदललेला नसतो. त्याला फोन परत मिळालेला असतो.

मग कोणी म्हणेल, शास्त्रीय पद्धतीने जोड्याच नीट लावा ना. एमटीव्हीच्या 'स्प्लिट्सव्हिला'ने २०१७ मधल्या दहाव्या सीझनपासून 'ओरॅकल' आणलं, जे जोडी 'आयडियल मॅच' आहे की नाही याचा निकाल देतं. त्याच वाहिनीच्या अमेरिकेतल्या 'आर यू द वन' मध्ये दहा मुलं आणि दहा मुलींच्या जोड्या आधीच ठरवून ठेवलेल्या असतात आणि स्पर्धकांनी त्या शोधायच्या. शक्यता ३६,२८,८००. तिथे मन मोकळं करणाऱ्यापेक्षा कागदपेन्सिल घेऊन बसणारा उपयोगी पडतो. पण या 'मॅच'च्या दाव्याला फारसा आधार नाही. समांथा जोएल, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी २०१७ मध्ये स्पीड डेटिंगला आलेल्या लोकांची शंभराहून जास्त गुणांची माहिती संगणकाला दिली. कोण सगळ्यांनाच साधारण आवडेल, कोणाला साधारण सगळेच आवडतील, हे संगणकाला थोडंफार सांगता आलं. पण अमुकला नेमकी तमुकच का आवडेल, हे भेटीआधी अजिबात सांगता आलं नाही.

पहिल्या सीझनच्या ज्या दोन जोड्यांनी 'हो' म्हटलं त्यांचं पुढे बरं चाललं, आणि त्यामागे एक गोष्ट आहे जी कोणत्याही एपिसोडमध्ये नाही. लग्नं झाली नोव्हेंबर २०१८ मध्ये, कार्यक्रम दिसला फेब्रुवारी २०२० मध्ये. मधले पंधरा महिने नवराबायको असल्याचं जगापासून लपवायचं होतं: जोडीचे फोटो टाकायचे नाहीत, बाहेर एकत्र दिसायचं नाही. कॅमेरे, हेलिकॉप्टर, बाकीचे स्पर्धक सगळे निघून गेले होते. भांडी आणि पगार मात्र होते. पण एक युक्ती अजून उरली होती, गुपिताची. डॅनियल वेग्नर यांचा १९९४ चा एक प्रयोग असा की दोन जोड्यांना पत्ते खेळायला बसवलं आणि एका जोडीला टेबलाखाली पायाला पाय लावून ठेवायला सांगितलं. समोरच्यांना हे माहीत नव्हतं तेव्हा त्या दोघांना एकमेकांची ओढ जास्त वाटली. समोरच्यांना माहीत असलं की कमी.